पोत विकत मिळत नाही

चिडलेल्या माणसाने कोड लिहू नये असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा लेख लिहावा. लेखात बग निघाला तरी रात्री दोन वाजता कुणी फोन करत नाही. तर मंडळी, मी चिडलेलो आहे, आणि चिडण्याचं कारण एकच शब्द आहे: टेक्स्चर.

झालं असं की आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणतात म्हणून दोनेक वर्षांपूर्वी मी कोलाज करायला लागलो. रद्दीवाल्याकडून किलोवर जुनी मासिकं आणायची, कात्री, कटर, फेविकॉल आणि शनिवारची अख्खी दुपार. बरं चाललं होतं. मग एका मित्राच्या सल्ल्यावरून (हेतू चांगलाच होता बिचाऱ्याचा) एका वर्कशॉपला गेलो. विषय होता अतिवास्तववादी कोलाज, मिक्स्ड मीडिया, लेअर्स आणि टेक्स्चर्स. फी भरली की किट मिळायचं. किटमध्ये काय? आधीच कापून ठेवलेले डोळे, ओठ, फुलपाखरं, चंद्र, घड्याळाच्या तबकड्या, चहाच्या पाण्यात बुडवून 'जुना' केलेला कागद आणि पांढऱ्या गेसोची बाटली. म्हणजे स्वप्नसुद्धा रेडी टू कुक.

दिवसभर एकच मंत्र ऐकला. "रिकामं वाटतंय? अजून एक लेअर टाका." आणि दुपारी चहाच्या वेळी: "पुढच्या वेळी घरातली जुनी पत्रं आणा. हस्ताक्षराचं टेक्स्चर फार भारी येतं."

मी आणली. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी भांडण.

टेक्स्चरला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, पोत. माझी आजी कापडाच्या दुकानात गेली की आधी रंग बघायची नाही, भाव विचारायची नाही. कापड अंगठा आणि बोटात धरून चोळायची. पोत बघायची. पोत हा कापडाचा असतो, त्या विणीतून आलेला असतो. कापडाला वरून पोत 'लावला' असं मराठीत कुणी म्हणत नाही, कारण तसं होतच नाही. आणि आज मात्र आम्ही चित्र पूर्ण करून शेवटी त्यावर टेक्स्चर 'टाकतो'. जेवणावर कोथिंबीर टाकावी तसं.

माझा मुद्दा असा आहे की अतिवास्तववाद्यांनी हे बरोबर उलटं केलं होतं. त्यांच्याकडे पोत आधी यायचा आणि चित्र त्यातून निघायचं.

माक्स एर्न्स्टचं उदाहरण घ्या. जन्म १८९१, कलोनजवळच्या ब्र्यूल गावचा. तो स्वतः सांगतो ती हकीकत अशी: १० ऑगस्ट १९२५, फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोर्निक गावातल्या एका खानावळीच्या खोलीत बसलेला असताना त्याची नजर लाकडी जमिनीवर खिळली. वर्षानुवर्षं घासून घासून फळ्यांच्या रेषा खोल गेल्या होत्या. त्याने वाटेल तसे कागद जमिनीवर टाकले आणि वरून काळी पेन्सिल घासली. आपण लहानपणी वहीच्या पानाखाली नाणं ठेवून पेन्सिल फिरवायचो ना, अगदी तेच. (फ्रेंचमध्ये याला 'फ्रोताज' असं भारदस्त नाव आहे. आपण त्याला टाइमपास म्हणायचो.) फरक एवढाच की आपल्याला खाली नाणं आहे हे माहीत असायचं आणि नाणंच हवं असायचं. त्याला त्या रेषांमध्ये जंगलं, समुद्र, पक्षी दिसेपर्यंत तो थांबला. फळ्या, पानं, असल्या घासण्यांतून केलेली त्याची ३४ चित्रं १९२६ मध्ये 'इस्त्वार नातुरेल', म्हणजे 'निसर्गेतिहास', या नावाने छापली गेली.

दहा वर्षांनी ऑस्कर दोमिंगेझने ओला रंग दोन कागदांमध्ये दाबून उचलायची युक्ती अतिवास्तववाद्यांत आणली. त्यातून शेवाळ, स्पंज, कुजलेलं लाकूड असं काहीतरी आपोआप उमटतं. एर्न्स्टने तीच युक्ती तैलरंगात वापरली. १९४० ते ४२ या काळातलं त्याचं 'युरोप आफ्टर द रेन' बघा. तेव्हा युद्ध चालू होतं. फ्रान्समध्ये तो 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून छावणीत डांबला गेला होता, आणि १९४१ मध्ये अमेरिकेला पोचला. चित्र तिकडे सुरू झालं, इकडे संपलं. त्यात सडलेल्या अवशेषांसारखा पोत सगळीकडे पसरला आहे. पण मला शिकवणारी गोष्ट त्यातलं आकाश आहे. निळं, गुळगुळीत, शांत. ते आकाश त्याने त्या पोतावरून रंगवलं. म्हणजे आकाशाने पोत झाकला, आणि जो उरला त्याला आकार आला.

इथे 'अजून एक लेअर टाका' वाल्यांनी जरा थांबावं. त्याचा वरचा थर भर घालायला आलेला नाही, कमी करायला आलेला आहे.

हे त्याने फार आधीपासून केलं होतं. १९२० च्या सुमाराचं 'मालकाचं शयनगृह' नावाचं छोटं चित्र आहे. मूळ कागद म्हणजे शाळेच्या शैक्षणिक साहित्याच्या कॅटलॉगचं छापील पान. त्यावर प्राणी, झाडं, फर्निचर असं सगळं ओळीत छापलेलं. एर्न्स्टने त्यावर काहीही चिकटवलं नाही. गुआश रंगाने बहुतेक पान झाकून टाकलं आणि खोलीची जमीन अन् भिंती रंगवल्या. उरले कोण? अस्वल, मेंढी, देवमासा, साप, एक पलंग, एक कपाट. एका खोलीत. कात्री नाही, गोंद नाही, आणि तरी कोलाजच्या इतिहासात त्याला पर्याय नाही. कोलाज काही गोंदामुळे होत नाही, असं एर्न्स्ट नंतर म्हणालाच होता. आमच्या वर्कशॉपमध्ये मात्र माणशी पाव लिटर गोंद संपला.

आता दुसरा मुद्दा. फाटक्या कडा.

अतिवास्तववादी कोलाज म्हणजे फाटक्या कडा, एकावर एक चढलेले कागद, मध्येच सुतळी, मध्येच जाळी, असा एक समज पक्का झाला आहे. १९३४ मध्ये पॅरिसला पाच पुस्तिकांमध्ये निघालेली एर्न्स्टची 'युन सेमेन द बोन्ते' (चांगुलपणाचा आठवडा) काढून बघा. १८२ कोलाज, आणि फाटकी कड शोधून सापडत नाही. सिंहाच्या डोक्याचे साहेब, पक्ष्याच्या डोक्याचे खुनी, दिवाणखान्यात शिरलेलं पाणी, आणि जोड कुठेच दिसत नाही. का? कारण त्याने सगळे तुकडे एकाच प्रकारच्या पोतातून घेतले. एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त कादंबऱ्यांमधली, लाकडावर कोरून छापलेली चित्रं. त्या तंत्रात कातडी, रेशीम, धूर, पाणी, सगळं बारीक काळ्या रेषांनीच बनतं. माणसाची मान रेषांची आणि कोंबड्याचं डोकंही रेषांचं. मूळ चिकटवलेल्या कागदावर जवळून पाहिलं तर कडा सापडतात, पण पुस्तकात छापताना त्याही नाहीशा होतात.

साध्या भाषेत सांगायचं तर हे रफू आहे, ठिगळ नव्हे. फाटलेल्या जागी त्याच रंगाचा, त्याच जाडीचा धागा घेऊन असं भरायचं की फाटलं होतं हे कळू नये. अतिवास्तववादाचा सगळा धसका या रफूत आहे. जोड दिसला की आपण निवांत होतो. 'अच्छा, चिकटवलंय.' जोड दिसला नाही की क्षणभर डोकं म्हणतं, हे असंच होतं, असंच घडलं होतं. स्वप्नात कुठे फाटक्या कडा दिसतात?

ठिगळाला मी नावं ठेवत नाही. ठिगळाची मोठी परंपरा आहे. पिकासोने १९१२ मध्ये खुर्चीच्या वेताची छापील नक्कल असलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि भोवती दोरखंडाची चौकट केली. कुर्त श्विटर्सने १९१९ पासून ट्रामची तिकिटं, वेष्टणं, फेकलेले कागद जोडून 'मेर्झ' चित्रं केली. पण तिथे तिकीट हे तिकीटच राहतं. ते वाचता येतं. कुठल्या तरी माणसाने कुठल्या तरी दिवशी त्यावर प्रवास केला होता. श्विटर्स त्याला टेक्स्चर म्हणून वापरत नाही, साक्षीदार म्हणून उभं करतो.

आमच्या किटमधला चहात बुडवलेला कागद कशाचा साक्षीदार? वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो लगद्यातल्या लिग्निनमुळे. त्याला हवा लागते, उजेड लागतो, आणि वर्षं लागतात. दहा मिनिटांत पिवळा झालेला कागद जुना नसतो, फक्त ओला असतो.

कुणी म्हणेल, हा कागदवाल्यांचा डिजिटलवाल्यांवरचा राग आहे. नाही हो. लेअर हे माझं रोजचं काम आहे. फोटोशॉपमध्ये लेअर्स १९९४ ला आले, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी. तक्रार वेगळी आहे. बाजारातलं टेक्स्चर पॅक घेऊन लोक ते 'मल्टिप्लाय' मोडमध्ये चित्रावर ठेवतात. मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. पांढरा १, काळा ०, मधले सगळे मध्ये. ०.८ गुणिले ०.५ म्हणजे ०.४, आणि ०.५ गुणिले ०.८ म्हणजेही ०.४. क्रम बदला, उत्तर तेच! म्हणजे त्या दोन थरांत वर कोण आणि खाली कोण हा प्रश्नच उरत नाही. कुणी कुणाला झाकत नाही, नुसतं सगळं थोडं थोडं मळकं होतं. त्याला आपण 'डेप्थ आली' म्हणतो. आता तर तेवढेही कष्ट नकोत. एआयला 'सर्रिअल, लेअर्ड, व्हिंटेज टेक्स्चर' असे शब्द दिले की अर्ध्या मिनिटात चार मळकी चित्रं हजर. वर्कशॉपमध्ये आम्ही जे दिवसभर हाताने केलं त्यापेक्षा ती फार वाईट नसतात, आणि हेच मला जास्त लागलं.

"अरे, छंद आहे, मजा करतात लोक, तुझं काय जातंय?" हा आक्षेप बायकोने घेतला, म्हणून गांभीर्याने घेतला. मजा जरूर करा. पण मग त्याला सजावट म्हणा. अतिवास्तव म्हणू नका. आणि एक साधी चाचणी करा, आम्ही डेड कोडला लावतो तीच. तुकडा उचला आणि बघा, काय मोडतं? काहीच मोडत नसेल तर तो तुकडा तिथे कशाला आहे?

मी ही चाचणी उशिरा केली. आता पत्रांचं सांगतो.

बाबा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होते तेव्हा आजी त्यांना गावाहून इनलँड पाठवायची. शाईच्या पेनाने, चौथी शिकलेल्या बाईचं मोठं मोठं अक्षर. ती पत्रं माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होती. आजी जाऊन सहा वर्षं झाली. मी डबा काढला, कुणाला विचारलं नाही, आणि वर्कशॉपच्या दुसऱ्या दिवशी तीन इनलँड घेऊन गेलो. मोठ्या माशाच्या चित्रामागे ती फाडून लावली, पाणी घातलेला फेविकॉल फिरवला. शाई फुटली आणि निळे ओघळ आले. सगळे म्हणाले, काय टेक्स्चर आलंय! वरून गेसोचा पातळ हात, मग पॉलिश पेपर. मला बक्षीस म्हणून ब्रशचा सेट मिळाला.

चित्र मी हॉलमध्ये लावलं. रविवारी बाबा आले. चष्मा वर करून जवळ गेले. मला वाटलं मासा बघतायत. ते वाचत होते. माशाच्या शेपटीजवळ दीड ओळ शिल्लक होती, पैसे पाठवलेत, जपून वापर, एवढी. त्यांनी ती हळू आवाजात वाचली. मग बोट माशाच्या पोटापर्यंत नेलं आणि विचारलं,

"बाकीचं कुठंय?"

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाकीचं माशाखाली होतं आणि ते काढायला अनडू नव्हतं. तो मासा इतर कशावरही पोहला असता हो. चाचणी लावली असती तर मला लगेच कळलं असतं की त्या चित्राला पत्रांची गरज नव्हती. पत्र हे मी पत्र म्हणून वाचलंच नव्हतं. मला कुणीतरी सांगितलं की ते टेक्स्चर आहे, आणि मला ते टेक्स्चर दिसलं.

उरलेली पत्रं बाबा डब्यासकट घेऊन गेले. बरोबरच आहे.

गेल्या शनिवारी मी आजीचा पाटा पुसून घेतला. तिच्या वेळची टाकी अजून त्यावर आहे, मधोमध मात्र वाटून वाटून गुळगुळीत झालंय. पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल घासली. काठाला दाट ठिपके आले, मध्ये कोरी जागा राहिली. त्यात काय दिसतंय ते अजून समजलेलं नाही. घाईही नाही. पाट्याचं तर काहीच गेलं नाही.

असो. तुमच्याही घरी पाटा, खिसणी, वेताची खुर्ची, काहीतरी असेलच. किट घ्यायच्या आधी एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. आणि माळ्यावरच्या डब्याला हात लावायच्या आधी आतलं वाचा. पूर्ण वाचा.