‘पहिले हेलिकॉप्टर कोणाचे?’ हा प्रश्नच गौण

लग्नात डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची चार रोटरची मांडणी शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०७ मध्ये फ्रान्समधील दुए येथे ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक शार्ल रिशे यांचे ‘जायरोप्लेन’ माणसासह सुमारे ६० सेंटिमीटर वर उचलले गेले. पण ते कलंडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार माणसे धरून उभी होती. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला पॉल कोर्नू यांचे यंत्र कुणी न धरता ३० सेंटिमीटर उडाले, असे सांगतात. २४ अश्वशक्तीत ते जमले असेल का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे.

मग पहिला मान कोणाचा? माझ्या मते हा वाद गौण आहे. उचलणे जमले होते, सावरणे नाही. त्यासाठी लुई ब्रेगे यांना २८ वर्षे लागली. मधल्या काळात ते विमाने बनवत राहिले. १९३५ मध्ये रने दोराँ यांच्यासह बनवलेल्या त्यांच्या यंत्राने ताशी १०८ किलोमीटर वेग गाठला. फिरत्या पात्यांचा कोन बदलून आता वैमानिकच यंत्र सावरत होता. ड्रोनमध्ये सावरण्याचे काम सेन्सर आणि चिप करतात.

मान द्यायचाच, तर तो पहिल्या उडीपेक्षा त्या चार माणसांचे हात मोकळे करणाऱ्या कामाला द्यावा.