गाय, तूप आणि तुलेरीचं पाणी

दिवाळीची सुरुवात आपल्याकडे गायीपासून होते. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, गाय-वासराची पूजा. जेवायला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. पुष्कळ घरांत त्या दिवशी गायीचं दूध, दही, तूप वर्ज्य असतं. इथे कॅलिफोर्नियात आपण चांदीच्या किंवा चित्रातल्या गायीला हळद-कुंकू वाहतो. खरी गाय कुठे असते, हा प्रश्न सहसा मुलंच विचारतात.

उत्तर फार लांब नाही. बे एरियातून निघा किंवा लॉस एंजेलिसहून, तीन-चार तासांत तुलेरी काउंटी येते. सिकोयाची प्रचंड झाडं पाहायला जाताना आपण व्हायसेलिया गावातून पुढे जातो, तोच हा भाग. रस्त्यात वास आला की गाडीच्या काचा वर जातात. १९९३ पासून कॅलिफोर्निया हे देशातलं सर्वांत जास्त दूध देणारं राज्य आहे आणि काउंट्यांमध्ये तुलेरी पहिली. एकट्या या काउंटीत चार लाखांहून जास्त दुभत्या गायी आहेत. एका गोठ्यात हजाराहून अधिक गायी असणं इथे नेहमीचं. वासरू बहुधा जन्मल्यावर पहिल्या दिवसातच आईपासून वेगळं केलं जातं.

आता हिशेब मांडू. इथली गाय दिवसाला सरासरी तीस लिटर दूध देते आणि साधारण पन्नास किलो शेण-मूत्र टाकते. एक किलो तुपाला अंदाजे पंचवीस लिटर दूध लागतं. लोणी काढून उरलेलं दूध वाया जात नाही, हे खरं. तरी फराळातल्या एका किलो तुपामागे एका गायीचा जवळजवळ अख्खा दिवस असतो, आणि तेवढं शेणही.

शेणात वाईट काय, असं आपल्याला वाटणारच. बलिप्रतिपदेला शेणाचा गोवर्धन करणारे आपण. कोल्हापूरकडे दारात दोन म्हशी, एक गाय असलेला शेतकरी सकाळी दूध संस्थेत घालतो आणि शेण उकिरड्यात टाकतो. वर्षभरानं तेच खत त्याच्या शेतात जातं. तिथे शेण कमीच पडतं. तुलेरीत नेमकं उलट आहे. जनावरं एका जागी हजारोंनी आणि त्यांचा चारा पुष्कळसा दुसरीकडून येतो. गोठे पाण्यानं धुतात, ते पाणी मोठ्या तळ्यांत साठतं आणि मग मका-गव्हाच्या शेतांत सोडतात. पिकाला पेलवेल त्याहून जास्त नत्र जमिनीत गेलं, की ते नायट्रेट होऊन खाली झिरपतं आणि विहिरीत उतरतं.

२०१२ मध्ये यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या भागाचा आणि सलिनास खोऱ्याचा अहवाल दिला. तिथल्या सुमारे अडीच लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याला नायट्रेटचा धोका असल्याचं त्यात म्हटलं होतं. दोष एकट्या गायींचा नाही. रासायनिक खतांचा वाटा त्याहून मोठा आहे. पण शेणखताचा वाटाही लहान नाही. ईस्ट ओरोसीसारख्या छोट्या वस्तीत लोकांनी वर्षानुवर्षं पिण्यासाठी बाटलीतलं पाणी वापरलं आहे. यांतले बरेच जण शेतमजुरी करणारी मेक्सिकन वंशाची कुटुंबं. नळाच्या पाण्याचं बिल भरायचं आणि प्यायला पाणी वेगळं आणायचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाण्याची शंका आली की उकळून प्यायचं, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. नायट्रेट उकळल्यानं जात नाही. पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ते सर्वांत घातक, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. कुणाच्या घराला स्वतःची विहीर असेल तर पाणी तपासून घ्या.

सरकार अगदीच स्वस्थ बसलेलं नाही. स्वच्छ पाणी हा माणसाचा हक्क आहे, असा कायदा कॅलिफोर्नियानं २०१२ मध्ये केला. २०१९ मध्ये अशा गावांसाठी वर्षाला १३ कोटी डॉलरपर्यंतचा निधी ठरला. काही गोठ्यांनी शेणाच्या तळ्यांवर आच्छादन घालून मिथेन वायू पकडायला सुरुवात केली आहे. हवेसाठी ते चांगलं. पण आपल्या गोबर गॅसची स्लरी आठवा. वायू निघून गेला तरी नत्र मागे राहतंच.

गोठेवाल्यांना खलनायक ठरवणंही सोपं आहे. यांतली कित्येक घराणी पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून किंवा हॉलंडमधून आलेली, म्हणजे आपल्यासारखीच स्थलांतरित. दुधाचा भाव त्यांच्या हातात नाही. छोटा गोठा परवडत नाही, म्हणून एक तर वाढवायचा नाही तर विकायचा.

मग आपण काय करायचं? आपल्या घराघरांत हा वाद सुरू आहेच. कॉलेजातून आलेली लेक म्हणते, मी व्हीगन झाले. आई विचारते, मग बेसन कशात भाजू? "आपण शाकाहारी, आपला काय संबंध" हे उत्तर मात्र तिला पुरत नाही, आणि पुरूही नये. मटण न खाणाऱ्या घरातही पनीर, चक्का आणि तूप येतंच.

सगळ्यांनी दूध सोडावं, असं माझं म्हणणं नाही. फराळाला लागेल तेवढंच तूप आणावं, आणि जमलं तर चरणाऱ्या गायींचं. इथल्या नियमानुसार ऑरगॅनिक दुधाच्या गायींना वर्षातून किमान १२० दिवस कुरणात चरू द्यावं लागतं. ते महाग पडतं, म्हणून थोडं कमी वापरावं. मंडळाच्या जेवणाची ऑर्डर देणाऱ्या समितीनंही याचा विचार करावा. शंभर घरांपेक्षा एका मोठ्या ऑर्डरचा प्रश्न दुकानदार लवकर ऐकतो.

आणि वसुबारसेला मुलांना गोष्ट सांगाल, तेव्हा गाय-वासराबरोबर ईस्ट ओरोसीची विहीरही सांगा. पुढचे प्रश्न ती विचारतील. उत्तरं आपण मिळून शोधू.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!