शेजार कुणी निवडायचा?

धुळे-जळगावात घर घेणारा पाणी, रस्ता, बाजारभाव मोकळेपणाने विचारतो; 'वस्ती कशी आहे?' हे मात्र हळू आवाजात. १८१९मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने नवे धुळे वसवताना व्यापारी-कारागिरांना बोलावून बिनभाड्याच्या जागा दिल्या. त्याला हवा होता त्यांचा व्यापार आणि हुन्नर. पुढे जळगावने मे १९७०मध्ये, धुळ्याने २००८ व २०१३मध्ये दंगली पाहिल्या. २०१३मध्ये तर खाणावळीच्या बिलावरून ठिणगी पडली आणि पोलीस गोळीबारात सहा जण दगावले. त्यानंतर आपल्याच माणसांत राहावेसे वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा?

कायदा मात्र संदिग्ध आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे २३वे कलम पुरेशा कारणाविना सभासदत्व नाकारू देत नाही. पण २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतील पारशी गृहनिर्माण संस्थेचा, समाजापुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. भाडेकरूला तर घरमालक कारणही सांगत नाही. अशा निवडीतून ओळखीचा शेजार मिळतो, हे खरे. पण पलीकडच्या मोहल्ल्यात एकही दार ओळखीचे उरत नाही. मग रात्री अफवा उठली, की खातरजमा करायला जायचे कोणाकडे?