आरोपीच पंच कसा?

गोमंतकातील देवस्थानांना हिशेबाची शिस्त नवी नाही. 1933 च्या देवस्थान नियमावलीनुसार मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक आहे. देवाच्या पैशाची अशी तपासणी होते आणि तीत महाजनांना कमीपणा वाटत नाही. मग डिचोलीच्या डोंगरांतील खनिजाचा हिशेब मात्र खाणमालकांनीच लिहावा व त्यांनीच तपासावा, हा कोठला न्याय?

'आमचे नियमन आम्हीच करू. सरकारी अंकुशाने उद्योग बुडेल,' असा युक्तिवाद जगभरचे कारखानदार करीत आले आहेत. आमच्याकडे त्याचे नाव 'जबाबदार खाणकाम'. 2000 साली खाणकंपन्यांनी 'मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा' ही संस्था काढून गावोगाव लोकोपयोगी कामे केली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दानधर्म म्हणजे नियमन नव्हे.

प्रत्यक्षात काय घडले? पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती व त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी दिला. सुमारे पाच वर्षांचा हा अनाचार उघडकीस आणला तो शहा आयोगाने, गोवा फाउंडेशनच्या याचिकेने आणि न्यायालयाने. उद्योगाच्या आत्मसंयमाने नव्हे! पुढे 2018 मध्ये 88 पट्ट्यांचे नूतनीकरणही न्यायालयाने रद्द केले.

'हजारो कुटुंबांच्या पोटावर पाय येतो,' असे उत्तर मिळते. खरेच आहे. परंतु 2012 साली कर्जाऊ ट्रक दारात उभे राहिले, ते अंकुश होता म्हणून नव्हे, वेळीच नव्हता म्हणून.

2022 च्या लिलावानंतर डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. घरे, मंदिरे, तळी व शेते पट्ट्यातून वगळावीत, अशी मुळगावच्या ग्रामस्थांची मागणी आहे. तिचे उत्तर कंपनीच्या गुळगुळीत पत्रकाने कसे मिळणार? पर्यावरणाच्या अहवालाचे शुल्कही सल्लागारास प्रकल्पवालाच देतो. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी!

म्हणून मागणी साधी आहे. किती खनिज निघाले, किती वाहून नेले, विहिरींचे पाणी किती उतरले, याचा हिशेब कंपनीचा पगार न घेणाऱ्या तपासनिसाने करावा आणि तो मराठी-कोकणीत पंचायतीच्या फळ्यावर लागावा. मोपा विमानतळानंतर पेडण्यातही विकासाची हीच गोड भाषा कानी येत आहे. पेडणेकरांनी डिचोलीकडे पाहून आताच सावध व्हावे. जो नियम देवाला लागू, तो खाणमालकाला जड का वाटावा?