सोळा वर्षांनी निर्दोष, मग गुन्हेगार कोण?

५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबाच्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, आई आणि कोवळ्या मुलीवर बलात्कार झाला, मुलगीही मारली गेली. जखमी आई वाचली. पोलिसांनी तिला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिने चार जण ओळखले. त्या चौघांवर खटला चाललाच नाही! खटला चालला तो दुसऱ्याच सहा जणांवर. हे सहाही जण भटक्या जमातीचे, मजुरी करून पोट भरणारे.

पुढचा हिशोब नीट वाचा. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशीवर चढवलं, तेही राज्य सरकारच्या अपिलावरून. सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर ठरलं. तीन न्यायालयांतून प्रकरण गेलं, पण पोराचं वय कुणी पाहिलं नाही.

फाशीच्या पुनर्विचार अर्जाची सुनावणी खुल्या न्यायालयात झाली पाहिजे, असं घटनापीठाने २०१४ मध्ये ठरवलं, म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडलं. ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. हे लोक गरीब, भटक्या जमातीचे आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं खुद्द न्यायालयानेच लिहिलं. प्रत्येकी पाच लाख भरपाई. सोळा वर्षांना भागा: दिवसाला साधारण ८५ रुपये.

यावर "शेवटी न्याय झाला" म्हणणारे भेटतात. कुणाला झाला? त्या आईला? तिने बोट दाखवलेल्या चौघांविरुद्ध पुढील तपास करा, हे सांगायला सोळा वर्षं लागली. तोवर पुरावा शिल्लक राहतो का? खोटा आरोपी उभा करणं म्हणजे खऱ्या आरोपीला संरक्षण देणं. पीडितेच्या नावाने फाशी मागणाऱ्यांना हे कधी कळणार?

आणि "पोलिसांची चूक झाली" हेही पुरे झालं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण नंतर सराईत गुन्हेगार कायदे आले आणि ठाण्यातली नजर तीच राहिली. दरोडा पडला की पाल शोधायचं. (वस्तीवर वाढलेल्या कुणालाही विचारा.) बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्यांच्या बरोबरीने या जमातींचा प्रश्न मांडला होता. आपण मात्र तो "त्यांचा प्रश्न" म्हणून बाजूला ठेवला. मोर्च्यात भटक्यांचा कार्यकर्ता भाषणापुरता, आणि वस्तीवरून रात्री पोरं उचलली तेव्हा ठाण्यावर आपल्यातलं कोण जातं?

दोषी अधिकाऱ्यांना शोधून तीन महिन्यांत खात्यांतर्गत कारवाई करा, असा आदेश न्यायालयाने गृह खात्याला दिला होता. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. प्रत्येक जिल्ह्यातून एक अर्ज जाऊ द्या: किती अधिकारी दोषी ठरले, कुणावर काय कारवाई झाली, त्या चौघांच्या तपासाचं काय झालं? उत्तर आलं नाही तर अपील करा, आणि या कामात भटक्या वस्तीतल्या पोरांना सोबत घ्या.