भूजलाचे प्रारूप आणि उपशाचा हरवलेला हिशेब

पुणे (प्रतिनिधी) : शेजाऱ्याने खोल विंधन विहीर घेतली आणि आपली विहीर आटली, ही तक्रार राज्याच्या दुष्काळी पट्ट्यात नवी नाही. तिचा निवाडा मात्र बहुधा तर्कानेच होतो. भूजलप्रवाहाचे संगणकीय प्रारूप हा निवाडा आकड्यांच्या आधारे करू शकते. परंतु त्यासाठी लागणारा सर्वांत महत्त्वाचा आकडा, म्हणजे प्रत्यक्ष उपसा, आपल्याकडे क्वचितच मोजला जातो.

या प्रारूपामागचे सूत्र जुने आहे. पातळीचा उतार जितका तीव्र आणि खडक जितका पाझरू देणारा, तितका प्रवाह अधिक, हे फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडले. संगणकावर भूभागाचे लहान चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात पाऊस किती मुरला, शेजारून किती पाणी आले आणि पंपाने किती उपसले, याचा ताळेबंद मांडला जातो. उत्तर प्रत्यक्ष विहिरींच्या पातळीशी जुळेपर्यंत प्रारूप दुरुस्त केले जाते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली 'मॉडफ्लो' ही प्रणाली विनामूल्य मिळते. म्हणजे अडचण संगणकाची नाही.

पहिली अडचण खडकाची आहे. राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टने व्यापला आहे. वाळूत पाणी सर्वत्र सारखे पसरते. बेसाल्टमध्ये ते वरचा कुजलेला थर, सच्छिद्र पट्टे आणि भेगा यांतूनच वाहते. एका शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडे कोरडा दगड निघतो, तो यामुळेच. सरासरीवर बेतलेले प्रारूप येथे सहज फसू शकते.

साठाही तुटपुंजा आहे. भूजल मूल्यांकनाच्या प्रचलित निकषांत बेसाल्टची पाणी देण्याची क्षमता साधारण २ टक्के, तर वालुकामय गाळाची १६ टक्के धरली जाते. पातळी एक मीटर खाली गेली, तर गाळाच्या एका हेक्टरखालून १,६०० घनमीटर पाणी मिळते. बेसाल्टखालून अवघे २००. एक हेक्टर उसाला वर्षाकाठी १५ ते २५ हजार घनमीटर पाणी लागते. त्यातला काही भाग पाऊस भागवतो; उरलेली गरज विहिरीवर टाकली, तर एका मळ्यासाठी आसपासच्या कित्येक हेक्टरांखालची पातळी उतरते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. ही नोंद मोलाची आहे. पण ती पाणी किती उतरले हे सांगते, कोणी किती उपसले हे नव्हे. २००९ च्या राज्य भूजल अधिनियमात विहिरींची नोंदणी आणि ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींवर बंधने आहेत. तो २०१४ मध्ये अमलात आला. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध व्हायला २०१८ उजाडले. विजेच्या वापरावरून उपशाचा अंदाज बांधावा, तर अनेक कृषिपंपांना मीटरच नाहीत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत झाल्याने मीटर बसवण्याची निकडही उरलेली नाही.

उपशाचा आकडा अंदाजे भरला, तरी प्रारूप रंगीत नकाशा काढून देतेच. धोका तेथेच आहे. तो नकाशा पाहून एखाद्या गावाला नव्या विहिरींची मुभा मिळेल, दुसऱ्याला नाकारली जाईल. आणि चुकीची किंमत मोजेल तो उथळ विहिरीवर विसंबलेला लहान शेतकरी. खोल विंधन विहीर घेण्याची ऐपत त्याच्याकडे नसते.

अटल भूजल योजनेने निवडक गावांना पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवले. हिवरे बाजारने तर पावसाचा आकडा पाहून पिके ठरवण्याचा पायंडा फार पूर्वी पाडला. विहिरींची नोंद आणि उपशाचे मोजमाप गावाने केले, तरच प्रारूपाला आधार मिळेल. संगणक पाण्याची वाट दाखवू शकतो. उपशाचा हिशेब मात्र माणसांनाच द्यावा लागेल.