ठिबकची जाळी धुणाऱ्याला एसीची जाळी जड नाही

एसी हे नाजूक यंत्र, घरच्या माणसाने त्याला हात लावू नये. उन्हाळ्याच्या तोंडाला मेकॅनिक बोलावला की वर्षाची निश्चिंती, असे कन्हेरीपासून इंदापूरपर्यंत अनेकांना वाटते. त्यामागे काळजी आहे, पण इथल्या हवेचा विचार नाही. हा पर्जन्यछायेचा मुलूख. मार्च-एप्रिलच्या वावटळींची माती आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी बंद खिडकीच्या फटीतूनही आत येते आणि एसीच्या जाळीवर बसते. जाळी काढून उजेडाकडे धरावी. पलीकडचे दिसत नसेल, तर हवाही तेवढीच अडते आहे. मग आतल्या कॉइलचा गारवा खोलीत पोचत नाही, खोली लवकर निवत नाही आणि कॉम्प्रेसर चालतच राहतो. ही धूळ मेकॅनिकच्या तारखेची वाट पाहत नाही, म्हणून वर्षाची एक सर्व्हिसिंग पुरत नाही.

‘यंत्र आपल्याला कळत नाही’ ही सबब तर इथे मुळीच शोभत नाही. ठिबकच्या फिल्टरची जाळी तुंबली की पाण्याचा दाब पडतो, हे इथल्या ऊस बागायतदाराला कोणी शिकवावे लागत नाही. तो जाळी काढतो, धुतो, बसवतो. त्यासाठी कंपनीच्या माणसाला बोलावत नाही. एसीची जाळीही तशीच: स्विच बंद करून झाकण उघडायचे, जाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवायची आणि परत लावायची. उन्हाळ्यात हे दर पंधरवड्याला करावे. बाहेरच्या युनिटभोवतीचा पालापाचोळा आणि अडगळ हटवावी, म्हणजे गरम हवेला वाट मिळते.

‘याने वाचणार किती?’ असे कोणी विचारील. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते, तुंबलेली जाळी साफ केल्याने एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते. इन्व्हर्टर नसलेल्या दीड टनी एसीचा कॉम्प्रेसर सलग चालला तर तासाला साधारण दीड युनिट जाते. रोजचे आठ तास धरले तर महिन्याला ३६० युनिट होतात. त्यातले दहा टक्के म्हणजे ३६. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचतात ती सगळ्यात महागड्या टप्प्यातली युनिटे.

धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तिथेच हद्द आखली पाहिजे. कपॅसिटरमध्ये वीजपुरवठा तोडल्यावरही भार राहू शकतो. अनेक एसींत भरलेला आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे. वायरिंग आणि गॅस यांना घरच्याने हात लावू नये. फवारणी पंपाच्या जोरदार धारेने कॉइलचे नाजूक पत्रेही वाकवू नयेत. पण ‘दर वर्षी गॅस भरावाच लागतो’ हेही मान्य करू नये. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे; आधी ती बुजवायला लावावी. जाळी स्वतः धुणाऱ्याला धुळीने मंदावलेला एसी आणि गळतीने मंदावलेला एसी यांतला फरक ओळखणे सोपे जाते. कारागिराचा मान त्याने कमी होत नाही. ज्या कामाला खरोखर कारागीर लागतो, त्याच कामासाठी त्याला बोलावले जाते.